तिसऱ्या दिवसाची थरथर

माझे पेशंट मला ओळखत नाहीत, याची मी कधी तक्रार केली नाही. ज्याने पोट उघडलं तो सर्जन जन्मभर लक्षात राहतो, दिवाळीला त्याच्या घरी मिठाईचा डबा जातो. ज्या बाईने पोट उघडण्याआधी झोपवलं आणि शिवून झाल्यावर उठवलं, तिचं नाव विचारायचं कुणाला सुचत नाही. धार आणि देवासच्या छोट्या नर्सिंग होममधून मी तीसेक वर्षं भूल देण्याचं काम केलं. लोक मला ‘बेहोशीवाली मॅडम’ म्हणत. माहेर धारचं, सासर देवासचं, त्यामुळे दोन्हीकडे काम मिळालं. काही दिवस इकडे, काही दिवस तिकडे, आणि मधे पीथमपूरच्या शिफ्टच्या बसांमागे अडकून हॉर्न ऐकत बसायचं, असं आयुष्य गेलं.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी ‘काहीतरी गमतीदार’ लिहा, असा संपादकांचा निरोप आला. गमती आहेत. भूल उतरताना सर्जनला ‘साले, माझा प्लॉट परत कर’ म्हणणारे एक सद्गृहस्थ अजून बाजारात दिसले की मला हसू येतं. पण लिहायला बसले की गंमत बाजूला राहते आणि एकच बाई समोर येऊन बसते. तेव्हा यंदा संपादकांनी मला माफ करावं.

आधी आमचं काम थोडक्यात सांगते. भूल देणं म्हणजे सुई टोचणं, असं लोकांना वाटतं. सुई हा त्यातला सोपा भाग. अर्धं काम आदल्या दिवशी प्रश्न विचारण्यात असतं. काय खाल्लं, दमा आहे का, कवळी आहे का, तंबाखू खाता का, दारू घेता का. यातला शेवटचा प्रश्न मी उगाच चौकशी म्हणून विचारत नसे. रोज पिणाऱ्याला झोपवायला औषध जास्त लागतं, आणि त्याचं यकृत बिघडलेलं असेल तर तेच औषध त्याच्या अंगात रेंगाळतं. रक्त लवकर गोठत नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, हॉस्पिटलात आल्यावर दारू एकदम बंद झाली की दोन-तीन दिवसांनी शरीर उलटतं. हातपाय थरथरतात, घाम सुटतो, नसलेली माणसं दिसतात, झटके येतात. वेळेवर ओळखलं नाही तर माणूस दगावतो. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, टाके सुंदर असतात, आणि माणूस जातो.

पुरुषाला हा प्रश्न विचारला की तो निम्मं सांगतो. आपण दुप्पट धरायचं, हिशेब बरोबर येतो. बाईला विचारला की उत्तर नवरा देतो. धारकडच्या एका खेड्यातली भिल्ल बाई मात्र मला आठवते. पित्ताशयात खडे होते. मी विचारलं तर हसून म्हणाली, “हाँ बई, पीयाँ. ब्याव में पीयाँ, तेवार में पीयाँ. काल नी पी.” लग्नात पिते, सणाला पिते, काल नाही प्यायले. संपलं. मला हवं ते सगळं तिने एका दमात सांगितलं. तिच्या जगात त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणून माझ्या जगात ती सुखरूप राहिली.

दुसरी एक पीथमपूरच्या औषधाच्या कारखान्यातली मुलगी. मोठी हुशार, अपेंडिक्ससाठी आली होती. “मॅम, फक्त वीकेंडला. मुलं जितकं घेतात तितकंच. मी काय कमी आहे का?” मी तिला म्हटलं, बाई, तू कामात कमी नाहीस, पण तुझ्या अंगात पाणी कमी आहे. बाईच्या शरीरात पुरुषाच्या मानाने पाणी कमी आणि चरबी जास्त असते. तीच दारू कमी पाण्यात मिसळते, म्हणजे जास्त कडक होते. पुरुषाच्या जठरात तिचा थोडा भाग आधीच मोडून निघतो, आपल्या जठरात त्याहून कमी मोडतो. त्यामुळे त्याच्या ग्लासाएवढा ग्लास तू घेतलास की तुझ्या रक्तात त्याच्याहून जास्त जाते. यकृत लवकर जातं, हाडं लवकर ठिसूळ होतात, पाळी बिघडते, स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ती म्हणाली, “ये तो नाइन्साफी है, मॅम.” आहेच. शरीराला इन्साफ कुणी शिकवलेला नाही.

आता त्या बाईकडे येते. त्यांना मी वहिनीसाहेबच म्हणेन, त्यांच्या घरात सगळे तेच म्हणत. देवासच्या जुन्या सरदार घराण्यांपैकी एक घर. माझे आजेसासरे त्यांच्याच दरबारात कारकून होते, त्यामुळे दरबार जाऊन पाऊणशे वर्षं झाली तरी आमच्याकडे त्यांचं नाव घेताना आवाज अजून खाली येतो. आता सरदारकी भिंतीवरच्या तलवारीपुरती. थोरला मुलगा पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला, सून घरी, आणि वहिनीसाहेबांचे यजमान दादासाहेब निवृत्त. दादासाहेबांची संध्याकाळ गावाला माहीत होती. व्हरांड्यात खुर्च्या, बर्फाचं भांडं, दोन-चार जुने मित्र. त्याला कुणी पिणं म्हणत नसे. त्याला ‘बैठक’ म्हणत.

वहिनीसाहेब पन्नाशी उलटलेल्या. न्हाणीघराच्या उंबऱ्यात पाय अडखळला आणि खुब्याचं हाड मोडलं. एवढ्याशा पडण्याने या वयात खुबा मोडावा, हे मला तेव्हाच खटकलं होतं. आदल्या दिवशी मी तपासायला गेले. बाई अत्यंत सभ्य, मराठी जुन्या वळणाचं, मला ‘आपण’ म्हणणाऱ्या. मी हात हातात घेतला तर तळवे लालबुंद. गळ्याखाली कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रेषा. दंडावर निळे डाग. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट कमी. यातल्या एकेका गोष्टीला दुसरं कारण असू शकतं. सगळ्या मिळून एकाच दिशेला बोट दाखवतात.

नेहमीप्रमाणे मी नातेवाइकांना बाहेर जायला सांगितलं. दादासाहेब गेले नाहीत. धाकटी जाऊ आणि सूनही गेल्या नाहीत. थोरलीला परक्या माणसाजवळ एकटं सोडत नाहीत, अशी त्या घराची रीत. मग मी त्यांच्या देखतच विचारलं. दारू हा शब्द वापरला नाही. म्हटलं, “थकवा आला, झोप येईना, की काही घेता का? काढा, टॉनिक, ब्रँडी?”

वहिनीसाहेबांनी सुनेकडे पाहिलं. उत्तर दादासाहेबांनी दिलं. “मॅडम, आमच्या खानदानात बायका पीत नाहीत.”

मोडलेला खुबा फार थांबवून ठेवता येत नाही. मी भूल जपून दिली. ऑपरेशन चांगलं झालं. सर्जनला आणि वॉर्डातल्या सिस्टरला सांगून ठेवलं की या बाईंवर लक्ष ठेवा, हात थरथरले की मला आधी फोन करा. सर्जन म्हणाले, “आप भी ना, मॅडम, सरदारों की बहू पे शक करती हो.”

दाखल झाल्यापासून तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरचा फोन आला. “मॅडम, जल्दी आ जाओ. काँप रही हैं. घरवाले मेरे को हाथ नहीं लगाने दे रहे, बोलते हैं देवी आई है.”

मी पोचले तेव्हा खोलीत उदबत्तीचा धूर होता. वहिनीसाहेबांचे केस मोकळे सोडलेले, कपाळभर कुंकू, मांडीवर खणानारळाची ओटी. अंग गदगदा हलत होतं, घामाने उशी भिजली होती, नजर छताच्या कोपऱ्यात. “झटका,” त्या म्हणत होत्या, “अहो मुंग्या झटका, अंगावर चढतायत.” धाकटी जाऊ हात जोडून म्हणाली, “मुंग्या म्हणजे लक्ष्मी हो. साखर असते तिथे मुंग्या येतात.” मुलगा पलंगाशी गुडघे टेकून विचारत होता, “आई, कारखान्यात माणसं कमी करतायत. माझं काय होईल, सांग ना.” आणि दादासाहेब, ज्यांना कलेक्टर आला तरी खुर्चीतून उठताना कुणी पाहिलं नव्हतं, ते बायकोच्या पायांवर डोकं ठेवून ओणवे झाले होते.

देवास म्हणजे टेकडीवरच्या देवीचं गाव. अंगात येणं तिथे कुणाला नवं नाही, मीही लहानपणापासून पाहिलेलं. त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. थरथर, घाम, मोकळे केस, न दिसणाऱ्याशी बोलणं. त्यांनी जे पाहिलं त्याचा त्यांना माहीत असलेला अर्थ लावला. फरक इतकाच, की नाडी भरधाव पळत होती, ताप चढत होता आणि झटका कधीही आला असता.

मी सुनेला दंडाला धरून बाहेर आणलं. म्हटलं, खरं सांग, नाहीतर या आज-उद्यात जातील. ती रडायलाच लागली. “मॅडम, आईंनी कसम दी थी. रोज रात को लेते हैं. गरम पानी में. वो बोलते, दवाई है, बताने की बात नहीं.” मग हळूहळू सगळं निघालं. थोरल्याच्या बाळंतपणात वहिनीसाहेबांना त्यांच्या सासूने सुरू करून दिलेली ब्रँडी. या घराण्यांत बाळंतिणीला ती द्यायचीच, अंगात ऊब येते आणि दूध उतरतं म्हणून. दूध वाढत नाही, कमीच होतं, पण आजेसासूपासूनची रीत कोण मोडणार? कंबर दुखली म्हणून चालू राहिली. एक मूल पोटातच गेलं, तेव्हा वाढली. सासू वारली तरी औषध राहिलं. एवढ्या वर्षांत त्या बाईने स्वतःशीसुद्धा कधी दारू हा शब्द उच्चारला नसेल. मला वाटतं, त्या दिवशी माझ्यासमोर त्या खोटं बोलत नव्हत्या. मी विचारलं त्याचं उत्तर त्यांच्या घरात कुणी कधी दिलंच नव्हतं.

इंजेक्शन द्यायचं होतं आणि इंदूरला अतिदक्षता विभागात हलवायचं होतं. दादासाहेब आडवे आले, एक हात बायकोच्या पायांवर तसाच ठेवून. “देवी स्वतः आलीय आणि तुम्ही तिला सुई टोचून घालवणार?”

मग मी सांगितलं. हळू आवाजात, पण शब्द न बदलता. ही देवी नाही. रोजची दारू तीन दिवस मिळाली नाही, म्हणून शरीर असं करतंय. जेवढा वेळ आपण इथे बोलतोय तेवढा त्यांचा जीव जास्त धोक्यात येतोय.

त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. मी वाट पाहत होते की ते विचारतील, वाचेल ना? त्यांनी पायांवरचा हात काढला आणि धोतराला पुसला. “न्या,” म्हणाले. “कागदावर लिहू नका.” मला त्या क्षणी त्या माणसाची विलक्षण चीड आली. पण चिडायला वेळ नव्हता, मी इंजेक्शन भरलं.

वहिनीसाहेब वाचल्या. आठवड्याभराने मी भेटायला गेले तेव्हा त्या शुद्धीवर होत्या, केस विंचरलेले, आवाज बारीक झालेला.

“आपण सांगितलंत?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“सांगायलाच हवं होतं. सून बोलली, नाहीतर मी गेलेच होते.” त्यांनी पांघरूण सारखं केलं. “सगळे पाया पडत होते म्हणे.”

“हो.”

“हेसुद्धा?”

“हो, तेसुद्धा.”

“मला काहीच आठवत नाही हो,” त्या म्हणाल्या. “तेवढं तरी आठवायला हवं होतं.”

मी रिपोर्टांची फाईल उघडली.

यकृत आक्रसलं होतं. मी त्यांना आणि सुनेला बसवून नीट समजावलं: जे गेलं ते येणार नाही, पण एक थेंबही घेतला नाही तर उरलेल्यावर काही वर्षं निघतील. पुन्हा सुरू केलं तर फार नाहीत. घरातल्या घरात तुलना करायला दादासाहेब होतेच. त्यांचीही तपासणी झाली. ते त्यांच्याहून कितीतरी जास्त आणि जास्त वर्षं पीत होते, आणि यकृतावर थोडी चरबी, बस्स. डॉक्टरांनी जरा कमी करा सांगितलं. त्यांनी बर्फ कमी केला असावा.

वहिनीसाहेबांनी मात्र खरोखर सोडली. मी अनेक पिणारे पाहिले, शपथा घेणारे आणि मोडणारे. ही बाई एक अक्षर न बोलता थांबली. रात्री झोप येत नसे, तेव्हा माजघरात येरझाऱ्या घालत, असं सून सांगे. “मैं भी साथ में चलती हूँ,” म्हणायची. सून चांगली मिळाली, एवढं एक त्या घरात धड होतं. बाकी सगळ्यांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखंच केलं. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त कपाटाच्या किल्ल्या धाकट्या जावेच्या कमरेला गेल्या. नवरात्रात घटाला रोजची माळ बांधण्याचा मान घराण्याची थोरली सून म्हणून वहिनीसाहेबांचा होता, तोही जावेकडे गेला. “यांना आता ओवळं मानतात,” सून म्हणाली. मी म्हटलं, का? पीत होत्या तेव्हा तर बांधत होत्या. तिने खांदे उडवले. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, मॅडम.

पुढच्या नवरात्रात अष्टमीच्या प्रसादाला वहिनीसाहेबांनी मला आग्रहाने बोलावलं. संध्याकाळची वेळ, अंगणात गाड्या, घर पाहुण्यांनी भरलेलं. बायका स्वयंपाकघरात आणि पंगतीच्या तयारीत होत्या. देवघरात होम झाला आणि नैवेद्य आला. त्या घराण्याच्या देवीला मटण आणि मद्य लागतं. दादासाहेबांनी सोवळ्यात बसून चांदीच्या वाटीतून देवीला दारू दाखवली आणि मग वाटी घेऊन प्रसाद वाटायला उठले. पुरुषांच्या तळहातावर एकेक पळी. मला, आमचं घर शाकाहारी कारकुनांचं म्हणून, खोबऱ्याचा तुकडा.

वहिनीसाहेब दाराशी सुनेला धरून उभ्या होत्या. दादासाहेबांची म्हातारी आत्या पाटावर बसली होती, ती म्हणाली, “हिलाही दे रे. देवीच्या नावाखाली काय काय झालं त्या वेळी, ती कोपली असेल. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं.”

मी पुढे झाले. एक थेंबही नाही, हे मीच सांगितलं होतं. सून माझ्याकडे पाहत होती. वहिनीसाहेबांनी मला डोळ्यांनीच थांबवलं आणि तळहात पुढे केला. दादासाहेब क्षणभर घुटमळले. मग त्यांनी पळी बुडवली आणि ओतली.

वहिनीसाहेब तळहातावरच्या त्या एवढ्याशा दारूकडे पाहत राहिल्या. मी त्यांच्या अगदी जवळ होते, वास मलाही येत होता. त्यांच्या मनात काय चाललं असेल याची मला पूर्ण कल्पना होती, कारण त्या वेळी तरी ते शरीराचं चाललं होतं आणि शरीर माझा विषय आहे. त्यांनी हात डोळ्यांना लावला. मग सगळं डोक्यावर ओतून केसांना पुसलं, तीर्थ घेतल्यावर ओला हात पुसतात तसं.

“वाया घालवलंस,” दादासाहेब म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पळी बुडवली.

वहिनीसाहेबांनी पुन्हा हात पुढे केला, पुन्हा डोळ्यांना लावला, पुन्हा केसांना पुसला. दादासाहेबांनी वाटी पुढच्या माणसाकडे वळवली. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की डोळे भरून आले. सुनेने माझा हात घट्ट दाबला.

मग बायकांची पंगत बसली. वहिनीसाहेब माझ्या शेजारच्या पाटावर येऊन बसल्या. पलीकडे धाकटी जाऊ वाढत होती, देवघरातलं तिने काही पाहिलं नव्हतं. ती भाताचं पातेलं घेऊन वाकली, थबकली, आणि मागे फिरून दुसऱ्या एका बाईला हलकेच म्हणाली, “वास येतोय. परत सुरू केलेलं दिसतंय.” ती बाई आपला पाट घेऊन थोडी सरकली. मग तिच्या पलीकडची.

मी बोलायला तोंड उघडलं. वहिनीसाहेबांनी माझ्या पानात लिंबाची फोड सरकवली आणि म्हणाल्या, “जेवा, डॉक्टर. निवतंय.”